एक मुद्रा, अनेक कवी : नामसाधर्म्य आणि कर्तृत्वनिश्चितीचा प्रश्न

एकाच नावाच्या दोन वा अधिक ग्रंथकारांमुळे उद्भवणारा घोटाळा भारतीय वाङ्मयेतिहासाला नवा नाही. राजशेखराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका श्लोकात तीन कालिदासांचा निर्देश आहे. म्हणजे आपण ज्याला संशोधनाचा आधुनिक प्रश्न समजतो तो दहाव्या शतकाच्या सुमारासच रसिकांच्या ध्यानात आलेला होता. मात्र राजशेखराला त्याचे संकट वाटले नाही. कालिदास तीन असतील तर गौरव तिप्पट, अशी त्या श्लोकाची भूमिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा प्रश्न जेव्हा आपल्या भाषांतून पुन्हा उपस्थित झाला, तेव्हा त्याचे स्वरूप पूर्णपणे बदललेले होते. नावामागील व्यक्ती दोन आहेत असे दिसताच त्यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न पुढे आला आणि दुसरीकडे आपोआपच तोतयेपण आले.

मराठीत हा वाद ज्ञानदेव आणि नामदेव यांच्यासंबंधी, बंगालीत चंडीदासासंबंधी, हिंदीत सूरदासासंबंधी, पंजाबीत शेख फरीदासंबंधी झाला. प्रत्येक भाषेने तो आपापल्या घरात, शेजारच्या घरात तोच वाद चालू आहे याची फारशी दखल न घेता लढवला. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठात मराठी शिकवताना ही गोष्ट विशेष जाणवते. येथे नामदेव हा एका वर्गात मराठी संत असतो आणि शेजारच्या वर्गात गुरू ग्रंथसाहिबातील भगत असतो. दोन्ही वर्गांतील अभ्यासक एकाच नावाविषयी बोलत असले तरी एकाच कवीविषयी बोलत असतातच असे नाही. प्रस्तुत निबंधाचा रोख मुख्यतः नामदेवावर आहे. बाकीची उदाहरणे त्या प्रश्नाची घडण समजून घेण्यापुरती घेतली आहेत.

प्रारंभ अगदी परिचित गोष्टीपासून करू. गणेशोत्सवात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांत 'युगे अठ्ठावीस' आणि 'येई हो विठ्ठले' या दोन्हींचा समावेश असतो. पहिलीच्या अखेरीस नामदेवाची मुद्रा आहे, दुसरीच्या अखेरीस विष्णुदास नामा अशी. टाळ धरणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला या दोन मुद्रांच्या मध्ये सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर असू शकेल अशी शंका येते. गाणाऱ्याच्या दृष्टीने नामा एकच आहे. वाङ्मयेतिहासकाराच्या दृष्टीने मात्र एक नामा ज्ञानदेवांचा समकालीन, १२७० ते १३५० या काळातील; आणि दुसरा एकनाथांचा समकालीन, सोळाव्या शतकात महाभारत मराठी ओवीत आणणारा, 'शुकाख्याना'चा कर्ता. या दोघांची कविता छापील गाथांतून एकमेकींत इतकी मिसळलेली आहे की ती वेगळी करण्याचा प्रत्येक प्रयत्न शेवटी संपादकाच्या कानावर विसंबतो. ही मिसळण केवळ निष्काळजीपणाने झाली असे म्हणता येत नाही. 'विष्णुदास' हे विशेषनाम असू शकते, तसेच ते कोणत्याही वैष्णवाने स्वतःसाठी योजलेले विशेषणही असू शकते. पहिल्या नामदेवाने स्वतःला विष्णूचा दास म्हणू नये असा नियम कोठे आहे? त्यामुळे 'विष्णुदास नामा' ही मुद्रा दिसली की अभंग सोळाव्या शतकातला, हे समीकरण दिसते तितके पक्के नाही.

मराठीत या प्रकारच्या चिकित्सेचा आरंभ ज्ञानदेवांपासून झाला. आगरकरांच्या पश्चात, १८९८-९९ मध्ये, 'सुधारक' पत्रातून शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने लेखमाला लिहून ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे प्रतिपादन केले. ज्ञानेश्वरीकार नाथपंथी व शैव, आपेगावचे. अभंगकार विठ्ठलभक्त, आळंदीचे. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचे नाव नाही, अभंगांत ते पदोपदी आहे. आणि दोहोंच्या भाषेत तर शतकांचे अंतर आहे. या प्रतिपादनाला भिंगारकरबुवांपासून अनेकांनी उत्तरे दिली आणि एकत्वाचा पक्ष सर्वमान्य झाला. निर्णय मान्य झाला तरी भारद्वाजांनी वापरलेल्या कसोट्यांची मात्र पुरेशी तपासणी झाली नाही. भाषा, उपास्य दैवत आणि मुद्रा या तीन कसोट्या पुढे नामदेवाच्या बाबतीत जशाच्या तशा वापरल्या गेल्या.

त्यांतील भाषेची कसोटी सर्वांत प्रतिष्ठित आणि सर्वांत दुबळी आहे. रा. गो. भांडारकरांनी १९१३ मध्ये नामदेवाची मराठी ज्ञानदेवांच्या मराठीहून स्पष्टपणे अर्वाचीन दिसते, सबब नामदेव सुमारे शतकभर नंतरचा असावा, असे अनुमान केले. भांडारकरांसारख्या सावध पंडिताचे अनुमान म्हणून त्याचे वजन मोठे. तथापि त्यांच्यासमोर होती ती नामदेवाची भाषा नव्हती. कीर्तनकारांच्या पिढ्यांच्या मुखातून उतरलेली आणि मग छापलेली भाषा होती. ज्ञानेश्वरी पोथीरूपाने टिकली आणि एकनाथांनी १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. अभंगांना असा राखणदार लाभला नाही. गायली जाणारी रचना दर पिढीला थोडी नवी होते. तेव्हा भाषेच्या अर्वाचीनतेवरून कवी नंतरचा ठरवणे म्हणजे वारंवार लिंपलेल्या भिंतीच्या रंगावरून वाड्याचे वय सांगण्यासारखे आहे.

आता, हा वाद केवळ कालगणनेचा असता तर तो ग्रंथसूचीकारांवर सोपवता आला असता. परंतु ज्ञानदेवांच्या चरित्रासाठी आपण ज्यांच्यावर विसंबतो ती 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' ही प्रकरणे नामदेवाच्या नावावर आहेत. ज्ञानदेव आणि नामदेव यांची भेट, त्यांची उत्तरेकडील तीर्थयात्रा, समाधीप्रसंगी जमलेला संतमेळा हे सारे मराठी मनात ज्या रूपात वसले आहे ते रूप या अभंगांनी दिलेले आहे. हे अभंग प्रत्यक्षदर्शी नाम्याचे असतील तर ती साक्ष ठरते. दुसऱ्या नाम्याचे असतील तर ती स्मृती ठरते. स्मृतीचे मोल साक्षीहून कमी नसते, पण निराळे असते. अभ्यासक्रमातील पुस्तके मात्र वाङ्मयेतिहासाच्या प्रकरणात दोन नाम्यांचा भेद नोंदवतात आणि चरित्राच्या प्रकरणात तो विसरून 'नामदेवांनी डोळ्यांनी पाहिलेला सोहळा' म्हणून तेच अभंग उद्धृत करतात. हा विसर सोयीचा आहे, म्हणूनच तो टिकला आहे.

बंगालीतील चंडीदासाचे प्रकरण येथे उपयोगी पडते, कारण तेथे कसोट्यांमागची खरी प्रेरणा अधिक उघडपणे दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चंडीदास म्हणजे पदावलीचा आर्त, हळवा, विरहाचा कवी. तरुण रवींद्रनाथांनी विद्यापतीशी त्याची तुलना केली ती याच चंडीदासाला समोर ठेवून. चैतन्यमहाप्रभू त्याची पदे ऐकत असत ही परंपरा 'चैतन्यचरितामृता'त नोंदवलेली असल्यामुळे त्याला भक्तीचे अधिष्ठानही होते. १९०९ मध्ये वसंतरंजन राय यांना बांकुडा जिल्ह्यातील एका गावी, गोठ्यात ठेवलेले एक हस्तलिखित सापडले आणि १९१६ मध्ये बंगीय साहित्य परिषदेने ते 'श्रीकृष्णकीर्तन' या नावाने प्रकाशित केले. त्यात मुद्रा होती बडू चंडीदासाची. पण काव्य होते धीट, ग्राम्य, नाट्यपूर्ण. त्यातील कृष्ण हट्टी आणि कपटी, राधा भांडखोर आणि तिखट जिभेची. भाषाशास्त्रज्ञांना त्यात प्राचीन बंगालीचा ठेवा गवसला. सुनीतिकुमार चटर्जींच्या बंगालीच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. रसिकांना मात्र धक्का बसला. चैतन्यांनी ऐकली ती ही पदे? हे शक्य नाही, असे अनेकांना वाटले, आणि मग बडू, द्विज, दीन असे चंडीदास एकापुढे एक उभे राहिले. रामी धोबिणीच्या आख्यायिकेतला सहजिया चंडीदास त्यांत आणखी वेगळा. जन्मस्थानाचा मान वीरभूममधील नानूर मागते तसा बांकुड्यातील छातनाही मागते.

चंडीदास एकाहून अधिक होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. मणींद्रमोहन बसूंनी दीन चंडीदासाच्या पदावलीचे स्वतंत्र संपादन करून ते पुरेसे दाखवून दिले आहे. पण विभागणीची रेघ कोठे ओढली गेली हे पाहिले पाहिजे. ती पुष्कळदा पोथ्यांनी न ओढता अभिरुचीने ओढली. आपल्याला हवा तो चंडीदास वाचवण्यासाठी नको असलेल्या चंडीदासाला वेगळे घर बांधून देण्यात आले. मराठीतही असेच घडले आहे, फक्त आपण ते इतक्या मोकळेपणाने कबूल केलेले नाही. जो अभंग भावोत्कट आणि संक्षिप्त तो पहिल्या नाम्याचा. जो पाल्हाळिक, आख्यानपर, पुराणकथेत रमणारा तो विष्णुदासाचा, अशी वाटणी अनेक विवेचनांतून गृहीत धरलेली आढळते. मग या वाटणीवरून पहिला नामा भावकवी होता असा निष्कर्ष काढला जातो! गृहीतच सिद्धांत म्हणून परत येते. विष्णुदास नामा या वाटणीत कवी राहत नाही, नको त्या रचना टाकण्याची जागा होतो. मराठीत महाभारत आणण्याचे काम ज्याने अंगावर घेतले त्याच्या प्रतिभेचा स्वतंत्र विचार किती अभ्यासकांनी केला? त्याचे नाव आपण घेतो ते बहुधा दुसऱ्याच्या गाथेतील प्रक्षेपांचा हिशेब मांडताना.

उलट टोकाचा पक्षही अलीकडे बळावला आहे. मुद्रा ही स्वाक्षरी नव्हे, ती परंपरेचा शिक्का आहे. भक्तिकाव्यात कवीचे नाव म्हणजे अधिकाराचा निर्देश आहे, कर्तृत्वाचा दावा नव्हे, असे जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मध्ये सूर, रैदास, कबीर यांच्या संदर्भात मांडले. सूरदासाच्या बाबतीत हे फार पटते. १५८२ मध्ये फतेहपूर येथे लिहिलेल्या पोथीत सूरदासाची अडीचशेच्या आत पदे आहेत. नागरी प्रचारिणी सभेच्या 'सूरसागरा'त ती पाच हजारांच्या घरात गेली आहेत. एवढा विस्तार एका नावात सामावला तो कोणी फसवणूक केली म्हणून नव्हे. त्या रीतीने गाणारे त्या नावानेच गात होते. (सूरदास मदनमोहन हा त्याच काळातील वेगळा कवी आपल्या नावापुढे उपास्याचे नाव जोडून स्वतःला वेगळा राखतो, हेही विसरू नये, म्हणजे वेगळे राहण्याची इच्छा आणि सोय दोन्ही त्या काळी होत्या.) तमिळमधील अव्वैयार या नावात तर विशेषनाम आणि सामान्यनाम यांची सीमाच पुसलेली आहे. संघकाळातील अव्वैयार अदियमान नेडुमान अंजी या राजाची स्नेही आणि दूत. चोळकाळातील अव्वैयार मुलांना पाठ असणाऱ्या 'आत्तिचूडी'ची कर्ती. दोघींच्या मध्ये हजार वर्षांच्या आसपास अंतर आहे. नावाचा अर्थ मात्र आदरणीय वृद्धा इतकाच. लोकस्मृतीने दोघींची मिळून एक भटकी, निर्भीड, काठी टेकत चालणारी म्हातारी केली, आणि तमिळ वाचकाचे त्यात काही बिघडले नाही.

तरीही 'सर्व काही परंपराच आहे' या भूमिकेने माझे समाधान होत नाही. तिने पहिल्या नाम्याचे काही जात नाही; जाते ते दुसऱ्याचे. परंपरेत विरघळतो तो नेहमी नंतरचा, कमी प्रसिद्ध माणूस. शुद्धिवाद्यांनी विष्णुदासाला प्रक्षेपक केले, परंपरावाद्यांनी त्याला निनावी केले. दोन्हीकडून तो नाहीसाच झाला.

या कोंडीत गुरू ग्रंथसाहिबाचे संपादन एखाद्या संशोधकाने शांतपणे अभ्यासावे असे आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनांनी भाई गुरुदासांकडून आदिग्रंथाची प्रत लिहवून घेतली तेव्हा त्यांच्यापुढे नामसाधर्म्याचा प्रश्न अत्यंत तीव्र रूपात होता. गुरू नानकांनंतरच्या गुरूंनीही आपल्या पदांत 'नानक' हीच मुद्रा घातली होती. नाव एक, कवी पाच. पुढे गुरू तेगबहादुरांची वाणी समाविष्ट झाल्यावर सहा. या गुरूंनी नाव उसने घेतले नव्हते, ते त्यांना गादीबरोबर प्राप्त झाले होते. ज्योत तीच, देह निराळा, ही त्यामागची श्रद्धा. संपादकाने मुद्रेला हात लावला नाही. त्याने पदाच्या शीर्षकात 'महला १', 'महला ३', 'महला ५' असा अंक घातला. पदाच्या आत नानक एक आहेत, शीर्षकात ते वेगवेगळे आहेत. गाणाऱ्यासाठी पद, वाचणाऱ्यासाठी शीर्षक. परंपरा आणि व्यक्ती या दोहोंपैकी एकीचा बळी देण्याची गरज त्याला पडली नाही. आपल्या वाङ्मयेतिहासात इतकी साधी आणि इतकी नेमकी तोड मला दुसरी आढळलेली नाही.

ही तोड निष्पाप होती, असे मात्र समजू नये. गादीवर हक्क सांगणारे पृथीचंद हे गुरू अर्जुनांचे वडीलबंधू. त्यांचे पुत्र मिहरबान हेही नानक मुद्रेने रचना करीत. अंक घालणे म्हणजे कोणता नानक आपला आणि कोणता नव्हे याची सीमा आखणेही होते. सच्ची बाणी आणि कच्ची बाणी हा भेद साहित्यशास्त्राइतकाच सत्तेचाही आहे. कर्तृत्वनिश्चिती निव्वळ ज्ञानासाठी केली जाते अशी आपली समजूत असेल तर तिलाही येथे धक्का बसतो.

याच ग्रंथातील शेख फरीदांच्या श्लोकांनी विद्वानांना बरेच गोंधळात टाकले. बाबा फरीद तेराव्या शतकातील, निधन १२६५ च्या सुमारास. पण मॅकॉलिफ यांनी १९०९ मध्ये ही वाणी त्यांच्या गादीवरील वारसाची, गुरू नानकांना भेटलेल्या शेख इब्राहिमांची ठरवली. कारण पुन्हा भाषाच. तो वाद येथे मिटवण्याचा हेतू नाही. लक्ष वेधायचे आहे ते एका बारकाव्याकडे. फरीदांच्या श्लोकमालेत मधूनमधून गुरूंचे श्लोक आहेत आणि त्यांतील काहींत 'फरीदा' हेच संबोधन आहे, परंतु वर शीर्षक महला ५ चे आहे. म्हणजे येथे नाव कर्त्याचे नाही, ज्याच्याशी संवाद चालू आहे त्याचे आहे. गुरू अर्जुन साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सूफीला उत्तर देतात ते त्याच्याच नावाने, त्याच्याच छंदात. शीर्षक गळाले असते तर हे श्लोक फरीदांचे म्हणून मोजले गेले असते आणि त्यांतील भेदावरून आणखी एक फरीद कल्पावा लागला असता.

हा बारकावा मराठीकडे आणला की नामदेवाच्या प्रश्नाला एक नवी बाजू दिसते. आपण 'नामा म्हणे' हे शब्द वाचतो आणि बोलणारा कोण याचा शोध सुरू करतो. पण नामा हा वारकरी काव्यात जितका कवी आहे तितकाच पात्रही आहे. देवाशी भांडणारा, जेवण्याचा हट्ट धरणारा, ज्ञानदेवांच्या वियोगाने व्याकूळ होणारा नामा हे पात्र एकदा सिद्ध झाल्यावर त्याच्या तोंडून बोलणे नंतरच्या कवीला शक्य होते. आणि योगायोगाने त्याचेही नाव नामा असेल तर तो स्वतःच्या नावाने बोलतो की त्या नामयाच्या, हे त्यालाही प्रत्येक वेळी सांगता आले असते की नाही याची शंका वाटते. जनाबाई आपली मुद्रा 'नामयाची जनी' अशी घालते. तेथे एका कवीचे नाव दुसऱ्या कवयित्रीच्या मुद्रेचा भाग झाले आहे. एकनाथांच्या 'एका जनार्दनी' मध्ये गुरूचे नाव मिसळले आहे. या काव्यात नाव एकट्याचे क्वचितच असते.

उत्तरेतील नामदेवाचाही विचार या अंगाने व्हायला हवा. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवाची ६१ पदे आहेत. त्यांत बीठल आहे, आणि स्वतःला छीपा म्हणवणारा कवी आहे. मराठीतला शिंपी पंजाब-राजस्थानात कापड छापणारा कसा झाला, पंढरपूरच्या पायरीवरील समाधी आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथील स्मारक यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नांना उत्तर म्हणून काही अभ्यासकांनी उत्तरेसाठी निराळा नामदेव सुचवला. दुसऱ्या बाजूने, २०१५ मध्ये घुमान येथे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा नामदेव एकच असल्याचा उत्सव झाला. संमेलनाचे अध्यक्ष सदानंद मोरे हे स्वतः वारकरी परंपरेचे साक्षेपी अभ्यासक असल्याने त्या उत्सवाला विद्वत्तेची जोड होती. तथापि उत्सव आणि संपादन ही दोन वेगळी कामे आहेत. कॅलवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये नामदेवाची हिंदी पदावली हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केली, तेव्हा गायकांच्या परंपरा पोथ्यांना कशा आकार देतात हे त्यांनी समोर ठेवले. मराठी अभंगांसाठी तसे काम त्या प्रमाणात झालेले नाही.

आपल्या छापील गाथांची रचना विषयवार आहे. पंढरीमाहात्म्य, बालक्रीडा, नाममहिमा, उपदेश अशा प्रकरणांत अभंग वाटले जातात. भजनासाठी ती सोयीची, यात वाद नाही. पण कोणता अभंग कोणत्या बाडात, कोणत्या गावच्या फडाकडे, कोणत्या मुद्रेच्या कोणत्या पाठाने मिळाला, ही माहिती या वाटणीत गळून पडते. एखाद्या बाडात 'नामा' आणि दुसऱ्या बाडात त्याच अभंगाच्या शेवटी 'विष्णुदास नामा' असेल, तर तो पाठभेद आपल्याला दोन व्यक्तींपेक्षा दोन फडांविषयी अधिक सांगेल. संपादकाने एक पाठ निवडून दुसरा टाकला की ती साक्ष कायमची बुजते. दोन नाम्यांच्या गाथा वेगवेगळ्या छापण्याचा आग्रह मी धरणार नाही. तसे करण्याइतका पुरावा आज हाती नाही आणि अपुऱ्या पुराव्यावर केलेली वाटणी पुन्हा अभिरुचीचीच ठरेल. गाथा एकच राहावी. अभंगातील मुद्रेला कोणी हात लावू नये. प्रत्येक अभंगाच्या माथ्यावर मात्र त्याच्या बाडाचा, काळाचा आणि मुद्रेच्या पाठांचा एका ओळीचा निर्देश असावा, १६०४ च्या त्या प्रतीत असतो तसा. आणि या कामाची सुरुवात विष्णुदास नाम्याच्या महाभारतापासून करावी. तेथे कर्ता निश्चित आहे, मजकूर विपुल आहे, आणि त्याची शब्दकळा, त्याची ओवी, त्याच्या उपमा यांची सूची एकदा हाती आली की गाथेतील कोणत्या अभंगावर त्याचा हात फिरला असावा हे अदमासाऐवजी तुलनेने सांगता येईल. शिवाय ते महाभारत त्या निमित्ताने कोणी वाचेल.